साध्या थर्मल ड्रोनने गोबरगॅस प्लांटची मिथेन गळती दिसेल का? वर एआय मॉडेल बसवायचे आहे

मिरज_गोठा यांचा प्रश्न

जनावरे १२०, निम्म्याहून जास्त म्हशी, बाकी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई. रोज साधारण दीड टन शेण. ६० घनमीटरचा तरंगत्या ड्रमचा प्लांट, शेजारी स्लरीची उघडी टाकी. २५ किलो शेणाला एक घनमीटर या हिशेबाने ६० घनमीटर गॅस मिळायला हवा, मीटरवर ४५ च्या आसपास दिसतो. उरलेला कुठे जातो ते शोधायचे आहे.

ड्रोनवर ६४० बाय ५१२ चा थर्मल कॅमेरा मिळतोय, ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचा. त्यावरून चार गोष्टी विचारायच्या आहेत. त्यात मिथेन दिसेल का? दिसत नसेल तर अशा चित्रफितींवर योलोसारखे (चित्रातली वस्तू ओळखणारे) मॉडेल शिकवून ते गळती पकडेल का? गळती दिसली तर तासाला किती ग्रॅम ते काढता येईल का? आणि याच यंत्रणेने प्रत्येक जनावराचा मिथेन मोजता येईल का? नेमके आकडे आणि कृती सांगावी.

---

आयआर_मापन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि दुसऱ्याचेही "नाही"च. कारण एकच आहे.

मिथेन अवरक्त प्रकाश दोन ठिकाणी जोरात शोषतो: ३.३ मायक्रॉनच्या आसपास आणि ७.७ मायक्रॉनच्या आसपास. साध्या थर्मल कॅमेऱ्याची खिडकी ८ च्या पुढे उघडते, म्हणजे दोन्ही पट्टे तिच्या बाहेर पडतात. ७.७ च्या पट्ट्याची शेपटी ८ च्या पलीकडे थोडी येते, पण ती १४ पर्यंतच्या सगळ्या उष्णतेत पार विरघळून जाते. जो संकेत डिटेक्टरपर्यंत पोचलाच नाही तो मॉडेल कुठून काढणार? कॅमेऱ्याचा पट्टा आधी ठरवा, मॉडेलचा विचार नंतर.

वायू दाखवणारे कॅमेरे वेगळे असतात. एक प्रकार थंड केलेल्या डिटेक्टरचा, ३.२ ते ३.४ मायक्रॉनचा अरुंद फिल्टर आतच बसवलेला. फ्लिर जीएफ३२० हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दुसरा प्रकार न थंडवलेल्या डिटेक्टरचा, ७ ते ८.५ मायक्रॉनचा, जसा जीएफ७७. दुसरा स्वस्त आणि सांभाळायला सोपा, पण संवेदनशीलता कमी. शिवाय त्या पट्ट्यात पाण्याची वाफही शोषते, त्यामुळे पावसाळ्यात किंवा कोकणासारख्या दमट हवेत त्याचा पल्ला लगेच घटतो. पहिल्या प्रकाराला उन्हाचा त्रास: ३.३ मायक्रॉनला सूर्यप्रकाशाचे परावर्तन येते, पत्र्याच्या ड्रमवरची चमक हलली की वायू हलल्यासारखा भासतो.

अमोनिया १०.३ ते १०.७ मायक्रॉनला शोषतो, म्हणजे साध्या कॅमेऱ्याच्या खिडकीत बसतो. तरी गोठ्यातला १०–२५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) अमोनिया फिल्टरशिवाय दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरच लावा. नायट्रस ऑक्साइड तर शेतातून पीपीबीच्या (अब्जात एक भाग) मापाने निघतो, कॅमेऱ्याचा तो विषयच नाही. त्याला जमिनीवर बंद पेटी ठेवून नमुने घ्यावे लागतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासावे लागतात.

आता एक फसवी गोष्ट. थंडीच्या सकाळी स्लरीच्या टाकीवर साध्या थर्मल कॅमेऱ्यातही धूर उठताना दिसतो आणि "मिथेन दिसला" म्हणून त्याच्या चित्रफिती फिरतात. ते पाण्याचे बारीक थेंब असतात. ऊबदार, ओला वायू थंड हवेत आला की धुके होते आणि थेंब ८ ते १४ मध्ये छान दिसतात. हे धुके "गळती" म्हणून मॉडेलला शिकवले, तर ते उन्हाळ्यात खरी गळती सोडून देईल आणि हिवाळ्यात गरम पाण्याच्या बादलीवर ओरडेल.

योग्य कॅमेरा हाती आला तरी वायू आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक नसेल तर काहीही दिसत नाही. फरक किमान ५ अंश मिळेल असे बघा. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी थोडा वेळ जमीन, पत्रा आणि हवा एका तापमानाला येतात, त्या वेळी चित्रण करू नका. खाली बसून कॅमेरा वर धरा आणि ड्रमच्या कडेमागे निरभ्र आकाश घ्या. आकाश अवरक्तात फार थंड असते, वायू त्यावर उजळ उठून दिसतो. तोच वायू उन्हाने तापलेल्या पत्र्यासमोर काळा दिसेल. वारा सेकंदाला ४–५ मीटरच्या वर गेला की झोत फाटतो, तेव्हा थांबलेले बरे.

---

प्लांट_देखभाल

कॅमेऱ्याच्या आधी दोन दिवस ड्रमची उंची दर तासाला लिहा. ड्रमवर रंगाने दर ५ सेंटीमीटरला खूण करा.

तरंगत्या ड्रमच्या प्लांटमध्ये बराचसा गॅस "गळत" नसतो, कडेने बुडबुडे होऊन निघून जातो. दुपारी जनरेटर बंद, स्वयंपाक झालेला, ड्रम वरच्या मर्यादेला टेकलेला. मग तयार होणारा गॅस जाणार कुठे? त्यात दुपारचे ऊन. गॅस १५ अंशांनी तापला की साधारण ५ टक्के फुगतो. हे मीटरवर येत नाही, कारण मीटर नळीच्या पुढे असतो. ड्रम रोज दुपारी १२ ते ४ पूर्ण वर दिसला तर वापराची वेळ बदला, तुमच्या १५ घनमीटरपैकी मोठा भाग तिथेच सापडेल.

तूट गळतीचीच आहे हेही आधी तपासा. शेण आणि पाणी १:१ पडते का? गोठा धुतलेले पाणी सगळे मिश्रण टाकीत जात असेल तर काला पातळ होतो आणि शेण पुरते कुजण्याआधीच बाहेर पडते. आतल्या काल्याचे तापमान मोजा. २० अंशांच्या खाली गेले की उत्पादन चांगलेच पडते. १२० जनावरांचे शेण खरोखर दीड टन भरते का, तेही एक दिवस वजनकाट्यावर बघा.

मग गळतीच्या जागा. ड्रमचा वरचा वेल्ड आणि स्लरीच्या पातळीजवळचा गंजलेला पट्टा. गेट व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचे पॅकिंग). ड्रमपासून जमिनीकडे येणारी लवचीक नळी, कारण ड्रम फिरतो-हलतो आणि क्लिपपाशी ती चिरते. वॉटर ट्रॅप, म्हणजे नळीत जमणारे पाणी काढायचा सापळा: उन्हाळ्यात त्यातले पाणी आटले की सरळ वाट मोकळी होते, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. नळीची चाचणी अशी करा: ड्रमकडचा आणि वापराकडचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, मधे यू ट्यूब मॅनोमीटर (पाण्याच्या नळीचा दाबमापक) लावा, ड्रमचा ८–१० सेंटीमीटर पाण्याचा दाब अडकवून अर्धा तास बघा. पातळी पडली तर नळीत गळती आहे. सांध्यांवर साबणाचा फेस लावून जागा सापडते. चाचणी सकाळी सावलीत घ्या, नाहीतर नळी तापून दाब वाढतो आणि गळती झाकली जाते.

उघडी स्लरी टाकी विसरू नका. बाहेर पडलेली स्लरी आठवडेच्या आठवडे गॅस देत राहते. तो मीटरवर कधीच नव्हता, त्यामुळे तुमच्या १५ घनमीटरमध्ये तो धरू नका, पण हवेत जाणाऱ्या मिथेनमध्ये धरा.

आणि टाकीवर वाकून, डोके आत घालून काही तपासायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास येणेच बंद होते. कोणत्याही वायू कॅमेऱ्यात तो दिसेल अशी आशा धरू नका. खिशाला त्याचा अलार्म लावूनच जवळ जा.

---

झोत_मॉडेल

मॉडेलच्या बाजूने लिहिते. योग्य पट्ट्याचा कॅमेरा आठवड्याभरासाठी भाड्याने मिळाला असे धरून चालते.

योलो इथे चुकीचे हत्यार आहे. योलोला वस्तूभोवती चौकट लागते आणि वायूच्या झोताला कडाच नसते. दोन माणसांना एकाच फ्रेमवर चौकट काढायला सांगा, दोघांच्या चौकटी वेगळ्या येतील, आणि मॉडेल तो गोंधळच शिकेल. वायू स्थिर चित्रात जवळजवळ दिसत नाही, हालचालीत दिसतो. म्हणून आधी पार्श्वभूमी वजा करा: मागच्या ५–१० सेकंदांच्या फ्रेम घेऊन प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढा, तो चालू फ्रेममधून वजा करा. मग अशा १६ फ्रेमचा गठ्ठा, सेकंदाला ५ या वेगाने निवडलेला, छोट्या त्रिमितीय सीएनएनला (फ्रेमबरोबर काळातली हालचालही बघणारे न्यूरल नेटवर्क) "गळती आहे / नाही" एवढ्याच उत्तरासाठी द्या. जागा हवी असेल तर यू-नेट या मॉडेलने पिक्सेलवार मुखवटा (कुठले पिक्सेल वायूचे ते दाखवणारा) काढा, चौकट नको.

स्टॅनफर्डच्या गटाने याच मार्गाने काम केले आहे. त्यांचा गॅसव्हिड हा संच कोलोरॅडोतल्या मीटेक या चाचणी केंद्रावर जीएफ३२० ने चित्रित केला: ३१ चित्रफिती, तासाला ५.३ ते २०५१.६ ग्रॅम मिथेनच्या गळत्या, अंतर ४.६ ते १५.६ मीटर. तिथून शिकवणीची सुरुवात करा, पण तेच मॉडेल उचलून गोठ्यावर लावू नका. ती नैसर्गिक वायूची गळती आहे, जवळपास निखळ मिथेन, हवेपेक्षा बराच हलका, झटकन वर जाणारा. गोबरगॅसमध्ये ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर सरासरी रेणुभार २७.२ येतो. हवेचा २९. म्हणजे तो जवळजवळ हवेइतकाच जड. तो वर पळत नाही, ड्रमच्या कडेला घुटमळतो, वाऱ्याबरोबर आडवा सरकतो. "वर जाणारा झोत" शिकलेले मॉडेल त्याला सोडून देते.

म्हणून स्वतःचा नियंत्रित संच लागेलच. कृती: गंधक काढणाऱ्या गाळणीनंतरचा गॅस घ्या, सुई व्हॉल्व्ह, मग रोटामीटर (प्रवाहमापक), मग ६ मिलिमीटर तोंडाची नळी. ६० टक्के मिथेनचा एक लिटर प्रति मिनिट गॅस म्हणजे तासाला साधारण २४ ग्रॅम मिथेन. त्यावरून १, २.५, ५ आणि १० लिटरला अनुक्रमे २४, ६०, १२० आणि २४० ग्रॅम. प्रत्येक प्रवाहाला ३, ६ आणि १० मीटरवरून दहा-दहा मिनिटे चित्रण करा. मधे व्हॉल्व्ह बंद ठेवून तितकाच वेळ तेच दृश्य घ्या. हवेवर अंकित केलेला रोटामीटर या मिश्रणासाठी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास चुकतो, तेवढे चालेल. निखळ मिथेनला मात्र हीच चूक ३४ टक्क्यांवर जाते. ड्रमचा दाब इतका कमी आहे की रोटामीटरमध्येच तो खर्च होतो. १० लिटर मिळत नसेल तर आधीची नळी अर्धा इंची करा. मोकळ्यावर, विडी-सिगारेट आणि ठिणगी दूर, नळीत ज्वालारोधक बसवून. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो.

चित्रण कच्चे, १४ किंवा १६ बिटांचे ठेवा. एमपी४ मध्ये दाबले की सर्वात आधी अंधूक झोतच पुसला जातो. आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारी सोय बंद करा, नाहीतर म्हैस फ्रेममध्ये आली की सगळे चित्र काळवंडते आणि वजाबाकीत पूर्ण फ्रेम "हलते". कॅमेऱ्याचे शटर अधूनमधून टक् करून स्वतःला सुधारते, तो क्षण आणि पुढचे एक सेकंद फेकून द्या. ट्रायपॉड हवाच. घिरट्या घालणाऱ्या ड्रोनवरून पार्श्वभूमीची वजाबाकी टिकत नाही, आणि पंख्यांचा वारा झोत उडवतो ते वेगळेच.

नकारार्थी चित्रफिती सकारार्थींच्या किमान दुप्पट हव्यात. यादी करून घ्या: शेपट्या, कान, रवंथ करताना उठणारी वाफ, कडब्याची पाने, फडफडणारी ताडपत्री, ढगाची सावली, कुट्टी यंत्राची धूळ, जनरेटरचा धूर. जनरेटर सर्वात वाईट, कारण गरम धुराचा झोत दिसायला हुबेहूब गळतीसारखा.

चाचणीसाठी फ्रेम यादृच्छिकपणे वाटू नका. शेजारच्या दोन फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. एक शिकवणीत आणि दुसरी चाचणीत पडली की ९९ टक्के अचूकता येते आणि ती खोटी असते. पूर्ण दिवस बाजूला ठेवा, शक्य असेल तर पूर्ण दुसरा प्लांट. आणि टक्केवारी बघू नका, तासाला किती खोटे इशारे ते बघा. सेकंदाला १५ फ्रेम म्हणजे तासाला ५४,०००, त्यातला एक टक्का चुकला तरी ५४० खोट्या घंटा. म्हणून नियम घाला: १० सेकंदांपैकी ८ सेकंद एकाच जागेवर संकेत टिकला तरच इशारा. झोताचे मूळ जागचे हलत नाही, शेपटी हलते. या नियमाने बहुतेक खोटे इशारे गळून पडतात.

---

मिरज_गोठा

ड्रमची उंची उद्यापासून लिहितो. वॉटर ट्रॅप बघितला, पाणी तळाला गेले होते, भरून घेतले. दोन शंका उरल्या. ५ टक्के गळती या कॅमेऱ्यात दिसण्याइतकी असते का? आणि थंडवलेला कॅमेरा परवडत नसेल तर मधला मार्ग कोणता?

---

आयआर_मापन

हिशेब करू. ६० घनमीटरचे ५ टक्के म्हणजे दिवसाला ३ घनमीटर गॅस, त्यात १.८ घनमीटर मिथेन. घनमीटरला ०.६६ किलो धरून १.२ किलो, म्हणजे तासाला सुमारे ५० ग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तेल-वायू क्षेत्रातल्या कॅमेऱ्यांसाठी घातलेली अट अशी: निम्मा मिथेन, निम्मा प्रोपेन, १०,००० पीपीएम, पाव इंची तोंडातून तासाला ६० ग्रॅम किंवा त्याहून कमी प्रवाह दिसला पाहिजे. म्हणजे तुमची ५ टक्के गळती एकाच भोकातून होत असेल तर जवळून, शांत हवेत दिसेल. तीच ड्रमच्या पूर्ण कडेने पसरून निघत असेल तर दिसणार नाही, आणि स्लरी टाकीच्या पृष्ठभागावरून निघणारा गॅसही याच कारणाने निसटतो. कॅमेऱ्यात काही दिसले नाही म्हणून उत्सर्जन शून्य, असे लिहून देऊ नका. तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे: चित्रावरून ग्रॅम काढायला तापमानातला फरक, अंतर आणि वारा तिन्ही नेमके लागतात. "लहान, मध्यम, मोठी" अशी वर्गवारी करा, त्यापुढे जाऊ नका.

मधला मार्ग म्हणजे हातात धरायचा लेसर मिथेन मापक. तो १.६५ मायक्रॉनला चालतो, समोरच्या पृष्ठभागावरून परत आलेल्या प्रकाशात मिथेन मोजतो आणि आकडा पीपीएम-मीटरमध्ये (पीपीएम गुणिले किरणाच्या वाटेचे मीटर) देतो. थंडवलेल्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या तुलनेत हा फारच कमी खर्चात येतो. इथे नियम कॅमेऱ्याच्या उलट: मागे आकाश चालत नाही, भिंत किंवा पत्रा लागतो. शांत पाण्यावरूनही परतावा नीट येत नाही, म्हणून स्लरी टाकीच्या पलीकडच्या काठावर पांढरा फळा उभा करा आणि टाकीच्या अर्धा फूट वरून किरण पाठवा. हवेत मुळातच १.९ पीपीएमच्या आसपास मिथेन आहे, १० मीटरवर तो एकटाच १९ पीपीएम-मीटर भरतो. आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोजून तो आकडा लिहून ठेवा.

एमक्यू-४ सारखे स्वस्त सेन्सर ग्लँडजवळ लावायला हरकत नाही, पण ३०० पीपीएमच्या खाली त्यांचा भरवसा धरू नका. पहिल्यांदा २४ ते ४८ तास तापत ठेवावे लागतात, आणि दमटपणा बदलला की आकडा सरकतो.

साधा थर्मल ड्रोन मिळतच असेल तर त्याच्याकडून दुसरे काम घ्या. उकिरड्याच्या ढिगात कुठला भाग ६०–६५ अंशांवर व्यवस्थित कुजतोय आणि कुठला ओला, थंड, दबलेला राहिलाय ते दिसते. मिथेन त्या दबलेल्या, हवा न लागणाऱ्या भागातून निघतो, तिथे ढीग पालटा. स्लरी टाकीवरची साय कुठे फुटली आहे तेही कळते. पत्र्याचे तापमान वाचायचे असेल तर त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन लावा आणि तो वाचा. चकचकीत पत्रा आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो आणि खोटा थंड वाटतो.

---

पशुपोषण_प्रश्न

चौथ्या प्रश्नाबद्दल. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीला वर्षाला ५८ किलो आणि म्हशीला ५५ किलो मिथेन धरला आहे. म्हणजे तासाला साडेसहा ग्रॅमच्या आसपास. वरच्या ६० ग्रॅमशी ताडून बघा. तो बहुतेक तोंडानाकातून, ढेकरांवाटे तुकड्यातुकड्यांनी येतो. डोके दावणीत स्थिर, मागे थंड भिंत, कॅमेरा दोन-तीन मीटरवर असेल तर एखादी ढेकर दिसेल. त्यावरून जनावराचा दिवसाचा आकडा काढणे मात्र चूक ठरेल.

सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने २०२४ मध्ये गॅसफॉर्मर हे मॉडेल मांडले. जीएफ७७ ने घेतलेले दोन संच: नियंत्रितपणे सोडलेला मिथेन आणि दुभत्या गायीच्या रुमेनमधला (पोटाच्या पहिल्या कप्प्यातला) वायू. झोताचा आकार पिक्सेलवार वेगळा काढण्यात ते उपयोगी आहे. उघड्या गोठ्यात, वारा वाहताना, १२० डोक्यांचा हिशेब ठेवणे ही त्याच्या पुढची गोष्ट आहे.

खाद्याचा फरक तपासायचा असेल तर आणखी जपून. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्थेचे हरित धारा हे पूरक खाद्य मिथेन १७ ते २० टक्के घटवते असे आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) सांगते. एवढा फरक कॅमेऱ्याच्या चित्रात वाऱ्याच्या गोंधळाखाली बुडून जातो. त्यासाठी सल्फर हेक्साफ्लोराइडची कुपी रुमेनमध्ये ठेवून करायची मागोवा पद्धत, किंवा खुराकाच्या पेटीत जनावराचा श्वास ओढून मोजणारे यंत्र लागते. लेसर मापकाने तुलना करायचीच असेल तर रोज ठरल्या वेळी, खुराकानंतर दोन तासांनी, एकाच अंतरावरून नाकपुडीवर रोखून प्रत्येकी ४–५ मिनिटे मोजा, आणि निदान दहा जनावरांचे दोन गट करा. एकाच जनावराच्या आजच्या आणि उद्याच्या आकड्यातच इतका फरक येतो की दोन-चार जनावरांवरून काही कळणार नाही.

---

प्लांट_देखभाल

ट्रॅप रिकामा होता म्हणजे एक वाट तरी सापडली. आता त्यात पाण्यावर बोटभर जाडीचा खाद्यतेलाचा थर सोडा, पाणी लवकर आटत नाही. पाण्याची उंची ड्रमच्या दाबापेक्षा जास्त ठेवा, निदान १५ सेंटीमीटर, नाहीतर ड्रम जड झाला की गॅस पाणी ढकलून निघतो. मीटर रोज सकाळी सातला वाचा, ड्रमची उंची त्याच वेळी लिहा, आणि आठ दिवसांचे आकडे इथे टाका.